कपडे वाळवायचा पिवळा खांब

आमच्या मागच्या अंगणात जो पिवळा खांब आहे, तो कपडे वाळत घालण्यासाठी आहे. कौन्सिलच्या दप्तरात तशी नोंद झालेली आहे, तेव्हा त्यावर वाद नको. आता हा खांब कमरेत वाकून पुढे येतो, वर त्याला आडवी दांडी आहे आणि दांडीच्या दोन टोकांना आकाशाकडे गेलेले दोन हात आहेत, हे मलाही दिसतं. असा कपड्यांचा खांब यॉर्कशायरमधल्या आमच्या अख्ख्या थॉर्नशॉ गावात दुसऱ्या कोणाकडे नाही, हेही कबूल. पण ज्या माणसाने सगळी नोकरी विम्याच्या कचेरीत इतरांच्या शब्दावर शंका घेण्यात घालवली, निदान त्याच्या शब्दावर तरी लोकांनी शंका घेऊ नये, एवढीच माझी अपेक्षा आहे.

मला स्वतःला क्रिकेट आवडतं. ज्या खेळात मध्येच चहाला थांबतात तो खेळ सभ्य, असं माझं साधं मोजमाप आहे. अमेरिकन फुटबॉल आवडायचा तो माझ्या बायकोला, ग्लेंडाला. ज्यांनी हा प्रकार पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: नाव फुटबॉल, पण बॉल हातात घेऊन पळायचं. आणि पळायचं म्हणजे तरी किती? चार पावलं गेले की सगळे एकमेकांच्या अंगावर कोसळतात, मग उठून घोळका करतात आणि पुढच्या वेळी कसं कोसळायचं याची चर्चा करतात. आमच्या कचेरीतल्या बैठका अशाच असायच्या, असं मी एकदा बोलून गेलो, तर ग्लेंडाने मला स्वयंपाकघरात पाठवलं.

ऐंशीच्या दशकात रविवारी संध्याकाळी टीव्हीवर हा खेळ दाखवायला लागले आणि आमच्या लोकांना त्याचं वेडच लागलं. जी माणसं सुट्टीत समुद्रकाठच्या ब्लॅकपूलच्या पलीकडे गेली नव्हती, ती शिकागो आणि मायामीच्या संघांवरून एकमेकांशी भांडायला लागली. प्रत्येकाने आपापला एक संघ निवडला. आता निवडायचा कशावरून? तिथलं कोणी ओळखीचं नाही, गाव नकाशात सापडत नाही. मग कोणी हेल्मेटचा रंग पाहून निवडला, कोणाची मावशी तिकडे होती, कोणी पहिल्याच रविवारी जो जिंकला त्याच्या मागे लागला. ग्लेंडा तेव्हा इस्त्री करत होती. एका हेल्मेटवर निळा गवा उधळलेला दिसला आणि ती म्हणाली, "हा माझा." संपलं. माझ्याशी लग्न करायचं की नाही हे ठरवायला तिने वर्षभर घेतलं होतं.

तो संघ बफलो गावाचा. आणि एकदा निवडला की आमच्यात संघ बदलत नाहीत. नवरा बदललेला चालतो, तो मोडतोड झालेला माल असू शकतो, पण संघ नाही. या बफलोवाल्यांनी पुढे काय केलं, तर लागोपाठ चार वर्षं अंतिम सामन्यात पोचले आणि चारही वेळा हरले. त्यातला पहिला पराभव ग्लेंडाच्या जिव्हारी लागला. शेवटच्या क्षणी बॉल दोन खांबांच्या मधून मारला की जिंकले, अशी वेळ होती. मारणाऱ्याने मारला, आणि तो उजव्या खांबाच्या बाहेरून गेला. ग्लेंडा धीर यावा म्हणून सामना बघताना इस्त्री करायची. माझ्या चांगल्या पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर इस्त्रीचा तांबूस ठसा उमटला.

"गावी परतल्यावर लोकांनी चौक भरून त्याचा जयघोष केला म्हणे," ती नंतर कित्येक दिवस सांगायची. "मी तिथे असायला हवं होतं, क्लिफ. कोणीतरी त्याच्या तोंडावर सांगायला हवं होतं, काही हरकत नाही म्हणून."

"अगं, हजारो लोक होते. तुझ्यावाचून त्याचं काय अडलं असेल?"

"माझं अडलं," ती म्हणाली आणि इस्त्रीचं टेबल घडी करायला माझ्या हातात दिलं.

गेल्या शरद ऋतूत इस्पितळाने ग्लेंडाला घरी पाठवलं. 'घरी न्या' हे वाक्य डॉक्टर किती सौम्यपणे बोलतात. तिचा पलंग आम्ही वरच्या मागच्या खोलीत, खिडकीशी लावला. केस गेले होते, तर तिने स्वतःच निळ्या लोकरीची टोपी विणून तिच्यावर गवा काढला होता. तो गवा मेंढीसारखा दिसत होता, पण हे तिला सांगायची माझी छाती झाली नाही. एका रविवारी आम्ही दोघं सामना बघत होतो. म्हणजे ती बघत होती आणि मी तिच्याकडे बघत होतो. कोणीतरी बॉल मारला, तो बरोबर दोन खांबांच्या मधून गेला, आणि ती म्हणाली, "मी हे प्रत्यक्षात कधी पाहिलंच नाही, नाही का? एकदा तरी डोळ्यांसमोर बॉल मधून जायला हवा होता."

लंडनला दरवर्षी या खेळाचे सामने होतात. जाऊ जाऊ म्हणता राहून गेलं. आधी तिच्या आईचं आजारपण, मग माझा गुडघा, मग हे. मी म्हटलं, "बघू." विम्याच्या माणसाच्या तोंडी 'बघू' म्हणजे 'नाही', हे आमच्या घरात सर्वांना ठाऊक आहे. या खेपेला मात्र मी तडक डावीकडच्या शेजाऱ्याचं दार ठोठावलं.

डावीकडे नॉर्मन सुग्डन राहतो. जन्मभर वेल्डिंग केलेला आणि अर्धा जन्म थॉर्नशॉच्या संघातून रग्बी खेळलेला माणूस. खेळात चेपून चेपून कान कोबीच्या पानांसारखे झालेत. अमेरिकन फुटबॉलबद्दल त्याचं मत असं, की जो माणूस अंगाला गाद्या बांधून खेळायला उतरतो, त्याने सरळ झोपून घ्यावं. पण ग्लेंडाचं नाव काढल्यावर त्याने मत खिशात घातलं आणि वर माझा कागदही. कागदावर मी गोलपोस्टचं चित्र काढून नेलं होतं, मापांसकट.

"कळलं, कळलं," नॉर्मन म्हणाला. "गोलपोस्ट काय मला नवा आहे? डोळे मिटून करीन."

तिथेच घात झाला. शनिवारी तो आणि क्लबातले त्याचे चार दोस्त पाइप घेऊन आले. मी ग्लेंडाचं औषध आणायला बाहेर गेलो होतो. परतून बघतो तर माझ्या रुबार्बच्या वाफ्यात दोन खांब सिमेंटात रोवलेले आणि मध्ये आडवी दांडी. अस्सल रग्बीचा गोलपोस्ट! पाचही जण कमरेवर हात ठेवून कौतुकाने बघत होते.

"नॉर्मन," मी म्हणालो, "याला पाय एकच हवा होता."

"एकच? अरे लेका, एका पायावर खांब कसा उभा राहील? बगळा आहे का तो?"

"चित्रात एकच होता."

"चित्र बघितलं मी. मला वाटलं, तुला दुसरा काढता आला नाही."

वरची खिडकी वाजली. ग्लेंडा खाली बघून हसत होती, हसता हसता खोकत होती. मी धावत वर गेलो. "क्लिफ," ती म्हणाली, "आपल्या अंगणात रग्बी उगवलंय." कितीतरी आठवड्यांनी ती अशी हसली होती. मला हे खाली जाऊन नॉर्मनला सांगावंसं वाटलं, पण तो आधीच दुखावून करवत आणायला गेला होता.

आता उजवीकडच्या शेजारीणबाई. मिस ऑड्री थॅक्रे, चॅपेलमध्ये ऑर्गन वाजवतात आणि कुंपणाला लागून असलेल्या काचघरात टोमॅटो लावतात. त्यांनी कुंपणावरून फक्त एवढंच विचारलं, "मिस्टर हेग, हे इथेच राहणार आहे?" मी म्हटलं, "थोडे दिवस." त्या म्हणाल्या, "अच्छा." आमच्या गल्लीत यापेक्षा मोठं भांडण होत नाही. सोमवारी कौन्सिलचा माणूस दारात हजर.

त्याचं नाव मिस्टर पिंडर. छत्री, टोपी, मोजपट्टी. तोवर नॉर्मनने एक पाय कापून, दुसरा मधोमध आणून वाकवून, रागारागाने बरोबर अमेरिकन आकार आणला होता आणि मी पिवळा रंग लावत होतो. पिंडरसाहेबांनी खांबाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, मग घसा साफ केला.

"एवढ्या उंच बांधकामाला परवानगी लागते, मिस्टर हेग. अर्ज करावा लागेल. मग आम्ही कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबाला सूचना बांधू. लोकांच्या हरकती आल्या की समितीपुढे जाईल. तोवर हे उतरवून ठेवा."

"समिती कधी बसते?"

"ख्रिसमसनंतर. फार वेळ नाही लागत."

मला त्याला सांगायचं होतं की साहेब, ख्रिसमस आमच्याकडे या वर्षी यायचा नाही. वाक्य अगदी जिभेवर आलं होतं. पण हातात रंगाचा कुंचला धरून परक्या माणसाला असलं काही सांगायला आम्हाला कोणी शिकवलेलं नाही. मी म्हटलं, "चहा घेणार का?" तो म्हणाला, "नको, आभारी आहे," आणि पावसात निघून गेला.

त्यानंतर सल्ल्यांचा पाऊस पडला. चॅपेलचे पाद्रीबुवा म्हणाले, क्रूस म्हणून नोंदवा, धार्मिक गोष्टीला हात लावत नाहीत. पोस्टमन म्हणाला, टीव्हीचा अँटेना सांगा. नॉर्मन मात्र विचार करून म्हणाला, "कपडे वाळवायचा खांब म्हण. कपड्यांच्या खांबाला परवानगी मागणारा माईचा लाल अजून जन्माला यायचाय."

"एवढा उंच?"

"वारा मिळावा म्हणून."

पिंडरसाहेब पुन्हा आले तेव्हा मी शिडीवर होतो. दांडीवर दोन चादरी, माझे लांब मोजे, इस्त्रीचा ठसा असलेला तो पांढरा शर्ट आणि मधोमध ग्लेंडाचा बफलोचा निळा शर्ट. नॉर्मन खाली चिमटे घेऊन उभा होता, वेल्डरच्या हातात चिमटे जितके शोभतील तितके शोभत होते. पाऊस भुरभुरत होताच.

"हा कपडे वाळवायचा खांब आहे," मी वरूनच जाहीर केलं.

"रोज शिडी लावता?"

"गुडघ्याला व्यायाम होतो."

"चादरी तर ओल्या आहेत."

"यॉर्कशायर आहे, साहेब," नॉर्मन म्हणाला. "वाळतील उन्हाळ्यात."

पिंडरसाहेबांनी वही उघडली, आणि तेवढ्यात वरच्या खिडकीची काच वाजली. ग्लेंडा हात हलवत होती. निळी टोपी, त्यावर तो मेंढीसारखा गवा, आणि टोपीखालचा तो एवढासा चेहरा. साहेब वर बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "बफलो?"

"हो."

"कधीपासून?"

"सुरुवातीपासून."

"अरे देवा. म्हणजे चारही?"

"चारही," मी म्हणालो.

त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. पावसात उभे राहिले तसेच. "मी डेन्व्हरच्या संघाचा," ते म्हणाले. "आम्हीही त्या दिवसांत खूप मार खाल्लाय." मग वही मिटली. "कपड्यांच्या खांबाला परवानगी लागत नाही, मिस्टर हेग. पण उजवा हात जरा बाहेर झुकलाय. तेवढा सरळ करून घ्या. आणि बॉल... म्हणजे चिमटे वगैरे काही हवं असेल तर माझ्याकडे आहे एक."

संध्याकाळी मिस थॅक्रे कुंपणापाशी आल्या. त्यांचा चेहरा ऑर्गनवर शोकगीत वाजवताना होतो तसा झाला होता. "तुमच्या पत्नी इतक्या आजारी आहेत हे तुम्ही सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

"शेजाऱ्याला असं कोणी विचारतं का? नर्सची गाडी रोज दिसायची. मला वाटलं, तुमचा गुडघा."

असं कोणी विचारत नाही, यावर आमचं एकमत झालं. 

राहता राहिला बॉल मारण्याचा प्रश्न. गल्लीत नॉर्मनने आपल्या रग्बीच्या बॉलवर मला शिकवायला घेतलं. पहिल्या लाथेला चॅपेलचा सूचनाफलक पडला, ज्यावर 'सर्वांचे स्वागत' असं लिहिलं होतं. दुसऱ्या लाथेला बॉल जागेवर राहिला आणि माझा बूट नॉर्मनच्या छपरावर गेला. "क्लिफर्ड," तो डोकं धरून म्हणाला, "तू फक्त कपडे वाळत घाल. मी मारतो."

खरं सांगायचं तर मलाही ते पटत होतं. मला फक्त बॉल मधून गेलेला हवा होता. कोणीही मारो, पण तिच्या डोळ्यांदेखत एकदा मधून जावा. नर्स मला जिन्यात थांबवून म्हणाली होती की फार लांबवू नका. म्हणून येत्या रविवारचं ठरवलं.

रविवारी दुपारी अंगणात जे जमलं त्याला गर्दी म्हणता येणार नाही, पण ग्लेंडाला ती आवडली. पिंडरसाहेब बॉल घेऊन आले ते डेन्व्हरच्या भगव्या शर्टात, आतल्या स्वेटरमुळे फुगलेले. नर्सने कोट काढला तर आत मायामीचा हिरवट शर्ट. इतके महिने घरात येत होती, पण एका शब्दाने बोलली नव्हती. नॉर्मन थॉर्नशॉच्या रग्बीच्या शर्टात, छाती काढून. लंडनच्या सामन्यांना असंच असतं. खेळणारे संघ दोन, पण बघणारे आपापल्या संघाचा शर्ट घालून जातात, मग तो संघ त्या दिवशी खेळत असो वा नसो. ग्लेंडाला टीव्हीवर मैदानापेक्षा ती प्रेक्षकांची रंगीबेरंगी गर्दी जास्त आवडायची. मिस थॅक्रे करड्या स्वेटरमध्ये काचघराच्या दारात उभ्या होत्या. "मारा तुम्ही," त्या म्हणाल्या. "टोमॅटो मी घरात नेऊन ठेवलेत."

नर्सने वर जाऊन खिडकी उघडली, ग्लेंडाला उशांना टेकवून बसवलं. नॉर्मन बाह्या सरसावून पुढे झाला. वरून आवाज आला. आवाज म्हणजे काय, श्वासच तो, पण आम्हा सर्वांना ऐकू आला.

"नॉर्मन, बाजूला हो. क्लिफ मारेल."

"ग्लेंडा, ऐक माझं, याला..."

"क्लिफ मारेल."

नॉर्मनने गुडघा टेकून बॉल बोटाने उभा धरला. मी माझे क्रिकेटचे बूट घातले होते. वर बघायचं नाही, असं ठरवलं होतं, तरी बघितलं. ती पुढे झुकली होती, दोन्ही हात खिडकीच्या चौकटीवर. मी धावलो आणि मारला. मला आयुष्यात काहीही इतकं नेमकं जमलं नसेल. बॉल वर चढला, सरळ, अगदी सरळ, दांडीच्या वर, दोन हातांच्या बरोबर मधोमध निघाला. नॉर्मनच्या तोंडून आरोळी निघायलाही लागली होती. आणि चादरी वाळवायला ज्या वाऱ्याची मी इतकी स्तुती केली होती, तो वारा आला. बॉल हवेत जरा रेंगाळला, कलला, आणि उजव्या हाताच्या बाहेरून जाऊन मिस थॅक्रेंच्या काचघरात पडला.

काच फुटल्याचा आवाज झाला. पिंडरसाहेब बुटांकडे बघत होते. मिस थॅक्रे म्हणाल्या, "ती काच तशीही जुनी होती." माझी मान वर होईना. एकच गोष्ट करायची होती, त्यासाठी पाच माणसं राबवली होती, एक वाफा रुबार्ब घालवला होता आणि कौन्सिलचा कायदा वाकवला होता, आणि तेवढंही माझ्याने झालं नाही. मी घरात शिरलो आणि जिना चढलो. नर्स मला बघून बाहेर गेली.

ग्लेंडाचे गाल ओले होते. मी पलंगाच्या कडेला बसलो. "चुकलं गं," मी म्हणालो. "मधून नाही गेला. मला नाही जमलं." हे मी बॉलबद्दल म्हणत होतो की आणखी कशाबद्दल, ते मलाही कळत नव्हतं. मी रडत होतो, आणि आमच्या संसारात हे तिने पहिल्यांदाच पाहिलं असेल.

तिने तिचा हात माझ्या गालावर ठेवला. काडीएवढा हलका झाला होता तो हात. "काही हरकत नाही, क्लिफ," ती म्हणाली. "ऐकतोयस का? काही हरकत नाही."

आणि मग ती ते म्हणतच राहिली. इतकी वर्षं साठवून ठेवलेलं सगळं तिने मला देऊन टाकलं. तिचा चेहरा इतका समाधानी होता की मला वाटलं, ती माझ्या पलीकडे कुठेतरी बघतेय, एखाद्या भरलेल्या चौकात. पण नाही, ती माझ्याकडेच बघत होती.

नाताळचे दिवे लागायच्या आत ग्लेंडा गेली.

दफनाला पिंडरसाहेब काळ्या कोटात आले होते, पण गळ्यापाशी भगवी किनार दिसत होती. मिस थॅक्रेंनी ऑर्गन वाजवला. नवीन वर्षात कौन्सिलचं पत्र आलं, की सदर खांब जोवर कपडे वाळवण्यासाठी वापरात आहे तोवर त्याला कोणाचीही हरकत नाही. त्यामुळे दर सोमवारी मला शिडी लावावी लागते. कायदा म्हणजे कायदा. पण एका माणसाचे कपडे ते किती? दोन शर्ट, मोजे, एक चादर. दांडी रिकामी दिसते, म्हणून मी तिचा निळा शर्टही धुवून मधोमध घालतो. तो मळलेला नसतो. मिस थॅक्रे कुंपणावरून बघतात आणि काही विचारत नाहीत. ती फुटलेली काच त्यांनी अजून बसवलेली नाही, तिथे नुसता पुठ्ठा लावलाय.

रविवारी मात्र नॉर्मन येतो, गुडघा टेकतो, कुरकुर करत बॉल धरतो आणि मी मारतो. गेल्या महिन्यात एकदा वारा पडलेला होता. बॉल दोन हातांच्या बरोबर मधून गेला. नॉर्मनने मला उचललं, इतक्या वर्षांच्या रग्बीनंतर त्याच्या अंगात अजून तेवढी ताकद आहे. मिस थॅक्रेंनी टाळ्या वाजवल्या. मी वर खिडकीकडे बघितलं. मग चहा झाला, नॉर्मनने तो बॉल कसा गेला हे मला चारदा सांगितलं आणि घरी गेला, आणि मी कप धुवत एकटाच उभा राहिलो. बॉल मधून गेला की काही हरकत नाही असं कोणी म्हणत नाही. म्हणायचं कारणच उरत नाही.

तेव्हापासून मी जरा उजवीकडे मारतो. नॉर्मनला वाटतं, माझा पाय वाकडा आहे.